तीन ठिपके, खाली रेघ

९ नोव्हेंबर, रविवार

अन् वरून मलेच म्हणते, "भिया, मी किती दिवाळ्या थांबू?" म्हणजे चूक मायीच. मी तीन वर्षांपासून हैदराबादेत जुन्या लॅपटॉपच्या गोदामात काम करून राह्यलो, दिवसाले तीस-तीस लॅपटॉप माया हाताखालून जातात, अन् मायी सख्खी बहीण उर्वशी यवतमाळच्या दुकानात जाऊन सोळा हजाराचा जुना लॅपटॉप घेऊन येते. विचारलं नाही. घेतल्यावर सांगतलं, तेही मीच फोन केला म्हणून.

मागच्या दिवाळीले लॅपटॉप म्हणून कबूल केला अन् स्पीकर नेला, हे ती दर भांडणात काढते. स्पीकर काही वाईट नव्हता. सगळा तांडा नाचला त्याच्यावर, तीही नाचली. या दिवाळीले गेलोच नाही, मालकानं सुटी दिली नाही. खरं म्हणजे दोन दिवस देत होता. पण दोन दिवसांत दिग्रसले जाऊन येणं म्हणजे निस्ता बसमध्ये बसणं, म्हणून पोरांसंगं गाडीवर श्रीशैलमले गेलतो. हे उर्वशीले माहीत नाही. माहीत नसून एवढं बोलते.

ही डायरी एका लॅपटॉपच्या बॅगेत सापडली. पहिली आठ पानं कोण्या साहेबाची आहेत, इंग्रजीत. नवव्या पानापासून मी. विक्की देवसिंग राठोड, आठवी पास, नववीत दोन महिने. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो पण ती शाळेत लिहायले कोणी शिकवली नाही, म्हणून मराठीत लिहून राह्यलो. राग कुठं तरी ठेवायचा तर इथं ठेवतो.

११ नोव्हेंबर

पुन्हा फोन केला. भांडायलेच केलता, पण तिनं सगळं पहिल्यापासून सांगतलं तर ऐकत बसलो.

यवतमाळले लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीनं पोरींसाठी वर्ग काढला आहे. सहा महिने शिकवणार, फी नाही, उलट महिन्याले आठ हजार देणार. जमलं तर तिथंच नोकरी. जागा दहा. तीस पोरी निवडल्या आहेत, त्यात उर्वशी. आता १२ डिसेंबरले शेवटची परीक्षा. स्वतःचा लॅपटॉप न्यायचा, त्याच्यावर लिनक्स टाकलेलं पायजे, तिथल्या वायफायले जोडायचा अन् पेपर सोडवायचा. जोडला गेला नाही तर पेपर नाही. पेपर नाही तर जागा नाही.

"लिनक्स काय असते?"

"विंडोज असते ना, तसंच. पण फुकट. अन् उघडं. आत काय लिहिलं ते कोणीबी पाहू शकते, बदलू शकते."

"फुकट आहे म्हणजे खराबच असन."

"मोठमोठे सर्व्हर त्याच्यावरच चालतात, भिया."

"मंग लोक विंडोजचे पैसे कायले देतात?"

"तुले विचारून देतात," म्हणे, अन् हसली. तिच्या हसण्याचा मले राग येते अन् येतही नाही.

तिच्या सरांनी यादी दिली होती. लिनक्स सगळ्याच लॅपटॉपवर नीट चालत नाही म्हणे. आतलं वायफायचं कार्ड कोणतं आहे त्यावर असते. काही कार्डांशी लिनक्सचं जमते, काहींले ते ओळखतच नाही. यादीत सात मॉडेल, ज्यांच्यात कंपनीतूनच चांगलं कार्ड येते. उर्वशी ती यादी घेऊन तीन दुकानं फिरली. चौथ्या नंबरचं मॉडेल भेटलं. दिग्रसले ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात वर्षभर बसून लोकांचे फॉर्म भरले, त्याचे पैसे होते ते.

मॉडेलचं नाव ऐकून मले हसू आलं. काळा जाड डबा. आमच्याकडं ते पोत्यानं येतात.

"मी तुले चांदीच्या रंगाचा आणला असता. पातळ."

"तो यादीत नाही."

"लॅपटॉप यादीनं नसतात घेत. एका बोटानं स्क्रीन उघडायची. खालचा भाग संगं उचलला नाही म्हणजे बिजागरी चांगली. बिजागरी चांगली तर लॅपटॉप चांगला."

"आतलं कसं समजन बिजागरीवरून?"

तीन वर्षं मी हे काम करून राह्यलो अन् ती मले विचारते आतलं कसं समजन.

१६ नोव्हेंबर

रविवारीही बोलावलं. एका मोठ्या पार्टीले दोनशे वायफाय कार्ड पायजेत, चांगल्यातले. ते काळ्या डब्यांतून काढायचे अन् त्यांच्या जागी हलके लावायचे. पुढच्या महिन्यात ते डबे अमरावती, वाशिमकडं जातील. विंडोजवर दोन्ही कार्डं सारखेच चालतात, मी स्वतः लावून पाह्यलं आहे. मालक म्हणते, "जिल्हे का आदमी क्या देखता रे? नेट चला, बात खतम." मले कार्डामागं पंधरा रुपये सुटतात.

हात बसला आहे माया. एक स्क्रू, दोन वायरी, एक काळी अन् एक पांढरी. नखानं उचलल्या की टक् करून निघतात. कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं. तीन मिनिटांत एक डबा. आसिमले पाच लागतात. आसिम आर्णीचा, बापाचं गाडी दुरुस्तीचं दुकान आहे, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच जन्मला म्हणते, तरी त्याले पाच. तो प्रत्येक कार्ड वाचत बसते, नंबर, कंपनी. मी म्हटलं, "वाचून काय करतं, कार्ड आहे का कुंडली?" तर म्हणे, "तू वाचत नाही म्हणून तर तुले सगळे सारखे वाटते."

डबा बंद करायच्या आधी खालच्या झाकणाच्या आत आपापलं निशाण काढायचं, हा मालकाचा नियम. कोणी कोणता पीस केला ते समजावं म्हणून. कामाची इज्जत आहे, असं तो म्हणते. बाकीचे नावाचं अक्षर लिहितात. मी हिरव्या मार्करनं याडीच्या, म्हणजे आईच्या, हातावरचं गोंदण काढतो, तीन ठिपके अन् खाली आडवी रेघ. तिच्या उजव्या मनगटाजवळ आहे ते, लहानपणी त्याच हातानं भाकर भरवली. इथं कोणाले समजत नाही ते काय आहे. मले समजते. दसऱ्याच्या आधी यवतमाळले चाळीस डब्यांचा लॉट गेला, तोही असाच कार्ड बदलून, पूर्ण मी केलता. त्या दिवशी निशाण जरा मन लावून काढलं. म्हटलं आपल्या जिल्ह्यात चालला माल, आईचा हात घेऊन जाऊ दे.

१९ नोव्हेंबर

उर्वशीचा मेसेज. लिनक्स टाकलं, सगळं सुरू झालं, फक्त वायफाय दिसत नाही. मी लिहिलं, पाह्य, म्हटलं नव्हतं का.

२२ नोव्हेंबर

तिनं चार दिवस काय काय केलं ते मले समजलं नाही, पण झालं नाही एवढं समजलं. फोन वायरनं जोडला तर त्याचं नेट लॅपटॉपले लागते. मी म्हटलं मंग लाव फोन, झालं. तर म्हणे परीक्षेत फोन बाहेर जमा करायचे.

दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं पुन्हा विंडोज टाकून दाखवलं, त्यात वायफाय फर्रकन लागलं. म्हणे, "बघा ताई, माल तर बरोबर आहे. तुम्ही फुकटचं काहीबी टाकलं, त्याची जबाबदारी आमची नाही." ती म्हणे या मॉडेलमध्ये चालायलेच पायजे, यादीत आहे. त्यानं यादी हातात घेतली, उलटी-सुलटी केली, अन् तिच्यावर चहाचा कप ठेवला.

हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मले बरं वाटलं असतं. मी दुकानदाराले दोन-चार शिव्या दिल्या, फोनवर, तिच्या कानात. म्हटलं अशा चोरांच्या दुकानात तू गेली कायले, घरचा माणूस सोडून. वीस दिवस राह्यले. म्हटलं दुसरा पाठवतो, पगार झाला की. ती म्हणे, "कोणता? चांदीचा?"

फोन मी ठेवला.

२५ नोव्हेंबर

आज जे समजलं ते लिहूनच ठेवतो.

आसिमचा फोन चार्जिंगले माया टेबलावर होता. वाजला. नाव आलं "उर्वशी दिग्रस". मले वाटलं दुसरी कोणी असन. उचलला तर आवाज तिचाच. "आसिमभाई, ते झाकणाचे स्क्रू..." मी म्हटलं, "मी बोलून राह्यलो. विक्की." मंग म्हणे, "भिया, आसिमभाईले दे."

मले म्हणे आसिमभाईले दे.

मागं मायाच फोनची बॅटरी गेलती तेव्हा मी आसिमच्या फोनवरून घरी बोललो होतो, तिथून नंबर. पंधरा दिवसांपासून ती त्याले विचारून राह्यली, लिनक्सचं. अन् तो मायासंगं एका ताटात जेवते, एका खोलीत झोपते, अन् एक शब्द नाही. चहाच्या गाड्यापाशी त्याले धरलं.

"मायी बहीण तुले फोन करते?"

"हव. लिनक्सचं विचाराले."

"मले विचारायचं सोडून तुले?"

"तुले येते का लिनक्स?"

"तुले कवा आलं?"

"जुन्या डब्यावर शिकलो. तू श्रीशैलमले गेलता तेव्हा दोन दिवस तेच केलं."

"अन् हे तिले सांगतलं? श्रीशैलमचं?"

"मी कायले सांगू. मी कार्डाचं बोलतो तिच्याशी, तुयं नाही."

मी त्याची कॉलर धरली होती. त्यानं माया हात धरला नाही, निस्ता उभा राह्यला, त्यानं अजून चीड आली. शेवटी बिजलीबाईनं चहाचं भगुणं माया बुटापाशी आदळलं. ती गाडा लावते आमच्या गल्लीत. इकडच्याच तांड्यातली आहे, तेलुगू बोलते, पण मायाशी गोरबोलीत बोलते, त्या बोलीत कोणी रागावलं की आपोआप मान खाली जाते. म्हणे, पोराची कॉलर सोड, ती तुया पगाराची नाही.

सोडली. पण त्याच्याशी बोलणं बंद. तिच्याशीही बंद. दोघांनी मिळून मले येडं केलं.

२६ नोव्हेंबर

जेवलो वेगळा.

२८ नोव्हेंबर

आज बिजलीबाईनं विचारलं, बहिणीचं काय झालं. सगळं सांगतलं. मालाचं, दुकानदाराचं, आसिमचं, पाठीमागून चाललेलं. ती ऐकत होती अन् गाळणी आपटत होती. मंग एवढंच विचारलं, "पोरीचा लॅपटॉप चालला का?"

म्हटलं, नाही.

"मग तू कोणावर रुसला?"

बाईमाणसाले काय समजते कामाच्या ठिकाणचं.

२९ नोव्हेंबर

दुपारी फोटो आला. उर्वशीकडून.

तिनं झाकण उघडलं. स्क्रूवर दुकानाचं वॉरंटीचं स्टिकर असते, ते फाडून. म्हणजे आता दुकानदार कायचीच जबाबदारी घेणार नाही. काळा डबा, आमच्याकडं असतो तोच, आतला पंखा, बॅटरी, कोपऱ्यात हलकं कार्ड, एक काळी वायर, एक पांढरी. अन् बाजूले उलटं ठेवलेलं झाकण.

झाकणावर हिरव्या मार्करनं तीन ठिपके. खाली रेघ.

फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं.

मी फोटो मोठा करून पाह्यला. म्हटलं दुसऱ्याचं असन. दुसऱ्या कोणाचं असन. मंग रेघ पाह्यली. मी रेघ डावीकडून ओढतो अन् शेवटी थोडी वर जाते, याडीच्या हातावर जाते तशी.

हातातला डबा तसाच उघडा ठेवून बाहेर येऊन बसलो. फोन बंद केला.

३० नोव्हेंबर

काल रात्रीपासून एकच हिशेब लागून राह्यला डोक्यात. चाळीस डबे. त्यातला एक तिच्याकडं गेला. यवतमाळात जुन्या लॅपटॉपची दुकानं किती असतील, अन् कोणतं दुकान आमचा माल घेते, हे मले कधी विचारावंच वाटलं नाही.

तिनं सगळं बरोबर केलतं. यादी आणली, मॉडेल पाह्यलं, तीन दुकानं फिरली. तिनं चांदीचा घेतला असता मायाकडून, तर त्यातही मीच लावलेलं हलकं कार्ड असतं. हे लिहिलं अन् खोडलं. मंग पुन्हा लिहिलं, कारण खोडलं तरी वाचता येत होतं.

एक बरं आहे. तिले ते निशाण समजलं नसन. कारखान्यातलं काही असन असं वाटलं असन.

१ डिसेंबर

आसिमशी बोललो. म्हणजे मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राह्यलो.

"फोटो तुलेही पाठवला का?"

"हव. आधी मलेच आलता."

"मंग?"

"मंग काय. मी म्हटलं कार्ड हलकं आहे, बदलावं लागन. एवढंच."

"निशाण पाह्यलं?"

तो कार्ड वाचत होता, वाचतच राह्यला. "पाह्यलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू बोलून कुठं राह्यलता मायाशी."

"तिले काय सांगतलं, निशाण कोणाचं ते?"

"तिनं विचारलंच नाही," म्हणे.

मले जरा हलकं वाटलं. विचारलं नाही म्हणजे समजलं नाही.

मंग त्यानं खिशातून बिडीसारखी गुंडाळलेली चिठ्ठी काढली. त्यावर कार्डाचा नंबर. म्हणे हेच पायजे, दुसरं नाही. मालकाच्या डब्यात आहेत, पार्टी परवा नेणार आहे.

२ डिसेंबर

मालकाकडं गेलो. म्हटलं एक कार्ड विकत पायजे.

"तेरेकू काहेकू?"

खरं सांगतलं. बहिणीकडं आपलाच पीस गेला, लिनक्सवर चालत नाही. म्हटलं मालक, त्या लॉटमधले चाळीसच्या चाळीस असेच असतील. कोणी लिनक्स टाकलं तर...

तो हसला. म्हणे ओरिजनल काढले कोणी? लावले कोणी? "निशान किसका है अंदर?"

"माया."

"इसी वास्ते तो निशान डलवाता मैं. कल को दुकानवाला लडा तो मेरेकू मालूम होना, किसके पगार से काटना. तू क्या समझा? तेरा फोटू लगाया करके?"

तीन वर्षं मी ते निशाण मन लावून काढलं. इज्जत म्हणून काढलं.

कार्ड दिलं. साडेआठशे, पगारातून कापणार. म्हणे हे पहिलं अन् शेवटचं, पोरांले कार्ड विकले तर उद्या अर्धा डबा खिशातून जाईल. बाहेर पडताना म्हणे, "नक्को सोचो इत्ता. काम कर."

आज एकतीस डबे केले. निशाणाच्या जागी निस्तं 'वि' लिहिलं. मार्कर तोच, हिरवा.

४ डिसेंबर

कुरियरवाला म्हणे तांड्यापर्यंत आठ दिवस, पक्कं नाही. म्हणून नागपूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरले दिलं, तो पांढरकवड्याच्या धाब्यावर थांबते. कार्ड चंदेरी पिशवीत, पिशवी साबणाच्या डबीत, डबीले आसिमनं चिकटपट्टी मारली. त्यानं स्वतःच्या जुन्या किटमधला छोटा स्क्रू ड्रायव्हरही टाकला. मी नको म्हणत होतो. तो म्हणे, "तुयासाठी नाही."

उर्वशी उद्या दिग्रसहून एसटीनं यवतमाळ, तिथून पांढरकवडा. बा संगं येतो म्हणत होता, जिनिंगवर पाळी लागली म्हणून नाही. एकटीच जाणार.

५ डिसेंबर

डबी भेटली. धाब्यावर अडीच तास बसली म्हणे. ड्रायव्हरनं चहा पाजला अन् विचारलं, "पोरी, यात सोनं आहे का काय?"

७ डिसेंबर, रविवार

सकाळी व्हिडिओ कॉल. तिनं लॅपटॉप पालथा घालून ठेवलता, खाली याडीची गोधडी. मी म्हटलं आधी बॅटरीची वायर काढ. काढली होती. म्हटलं आता कार्डाचा स्क्रू. काढला. म्हटलं काळी वायर...

"माहीत आहे," म्हणे. "तू मले दाखवलतं ना. स्पीकरच्या दिवाळीले. स्पीकर उघडून बसला होता, वायर कशी नखानं काढायची ते. मी पाह्यलं होतं."

टक् आवाज मलेही ऐकू आला. दोनदा. कार्ड बसवलं, दोन्ही वायरी लावल्या. तिच्या हाताले इथं दिवसाले पंचवीस डबे तरी जमले असते.

झाकण लावताना तिनं ते हातात धरलं, आतली बाजू कॅमेऱ्याकडं होती. क्षणभर तसंच धरलं. मी म्हटलं, "दुकानदारानंच बदललं असन कार्ड. हे लोक असेच असतात."

"असन," म्हणे.

झाकण लावलं. स्क्रू एकेक. मंग चालू केलं अन् मले दाखवलं. कोपऱ्यात वायफायच्या त्या वाकड्या रेघा. खाली शेजारच्या नायकाच्या घरचं नेटचं नाव. मागून बाचा आवाज आला, "झालं का?" याडी दिसली नाही. म्हटलं याडी कुठं आहे. म्हणे आत आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर कामात ध्यान नव्हतं. एका डब्याचा स्क्रू पंख्यात पडला.

संध्याकाळी तिचा फोन. पेपर झाला. वायफाय पहिल्याच झटक्यात लागलं. चांगला गेला का विचारलं तर म्हणे बरा. मी म्हटलं मंग आवाज असा काहून.

तीसपैकी दोघींचं वायफाय लागलं नाही. आर्णीची प्रियंका अन् दिग्रसचीच फरहा. दोघींकडं काळा डबा, तेच मॉडेल, तेच दुकान. उर्वशीनंच सांगतलं होतं त्यांले, यादीतला आहे, घ्या म्हणून. फरहानं अंगठी मोडली होती आजीची. दोघी बाहेरच्या बाकावर बसून राह्यल्या तीन तास. सरांनी १९ तारखेपर्यंत मुदत दिली, तोपर्यंत लॅपटॉप नीट करून आणला तर पेपर घेतील.

"मी मधल्या सुटीत त्यांच्या डब्यांचं झाकण उघडलं," उर्वशी म्हणाली. "आसिमभाईच्या स्क्रू ड्रायव्हरनं."

आत काय दिसलं ते मी विचारलं नाही. मंग म्हणे, "भिया, अजून दोन पायजेत."

मी म्हटलं, दुकानात जाऊन भांडा ना, मी कायले देऊ. म्हणे, "बरं." अन् ठेवला.

१३ डिसेंबर

पुन्हा मायाच डोक्यावर. दुकानदारानं कमावलं, मालकानं कमावलं, मोठ्या पार्टीले चांगले कार्ड भेटले. मले तीन डब्यांचे पंचेचाळीस रुपये. अन् मागते कोणाले, मले. सरळ मले. जशी काही मीच...

आसिम म्हणे मालक देणार नाही, पण तेच कार्ड ऑनलाइन भेटते, यवतमाळच्या पत्त्यावर चार दिवसांत. साडेआठशेलेच. मी त्याले विचारलं, तू काहून एवढं करतं? तो म्हणे, "तू यवतमाळचा लॉट करत होता तेव्हा मीही दुसरा करतच होतो. मी पाच मिनिटाले एक करत होतो, तू तीनले. मी वाचत होतो नंबर. वाचूनही लावतच होतो ना."

१४ डिसेंबर, रविवार

उर्वशीले मी फोन केला. ज्यांचा पेपर झाला त्यांची यादी लागली, तिचं नाव सहावं, त्या दोघींच्या पेपरनंतर पक्की होणार. मी म्हटलं मले काल काहून नाही सांगतलं. म्हणे सांगणारच होती. तिचा आवाज आनंदी नव्हता, दुःखीही नव्हता, दिग्रसच्या दुकानात फॉर्म भरताना विचारते तसा होता. नाव, गाव, जन्मतारीख.

मी म्हटलं, "त्या पोरींच्या कार्डाचे मी पाठवतो. आसिम लिंक पाठवन, तू मागव, तूच लाव."

"बरं."

"याडी कशी आहे? पंधरा दिवस झाले मायाशी बोलली नाही."

मंग म्हणे, "तुले तो फोटो पाठवला ना त्या दिवशी, तेव्हा याडी बाजूलेच होती. म्हणे काय पाहून राह्यली एवढं. दाखवला. तिनं चष्मा लावून पाह्यला."

"मंग?"

"मंग काही नाही. उजवा हात पदराखाली घेतला."

मी म्हटलं, थंडी असन.

उर्वशी म्हणे, "हव भिया. थंडीच असन."

घरचे पाच हजार दर महिन्याले याडीच्या नावानं जातात, ते गेले. हे वेगळे, उर्वशीच्या नावानं. दोन कार्डांचे, एक हजार सातशे रुपये.